डबा बदलला की घड्याळ बदलतं

मागच्या भागात आपण पावाबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी कळवलं की आता केकवरही बोला. बडोद्याहून एका ताईंनी विचारलं, "कृतीत आठ इंची डबा सांगितलाय, माझ्याकडे सहा इंची आहे. वेळ निम्मी करू का?" बेळगावच्या एका काकांचा प्रश्न त्याच्या उलट होता. त्यांच्या डब्यात केक वरून काळा झाला आणि मधे कच्चा राहिला.

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं, पण मला या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. त्याचं कारण घरचं आहे.

१९७६ साल. आम्ही तेव्हा जबलपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. ताईच्या वाढदिवसाला आईनं त्या आंटींना केकची कृती विचारली. आंटींनी कुंपणापाशी उभं राहून हिंदीत सांगितली आणि आईनं वहीत मराठीत उतरवून घेतली: चार अंडी, अंड्यांच्या वजनाइतकं लोणी, तितकीच साखर, तितकाच मैदा. पंचवीस मिनिटं. वाढदिवसाला सगळं मिश्रण सात इंची खोल डब्यात ओतलं गेलं. तो डबा त्या गोल ॲल्युमिनियमच्या विजेच्या ओव्हनमध्ये गेला. पंचवीस मिनिटांनी वरून छान रंग आला होता. पाहुण्यांसमोर सुरी घातली आणि आतलं पीठ ताटलीत ओघळलं.

आईनं पुन्हा केक केला नाही. वहीत त्या कृतीखाली तिच्या अक्षरात एक ओळ आहे: "केक – माझ्या हाताला नाही." पुरणपोळी, अनारसे, चिरोटे करणारी बाई. तिच्या हाताला काय नव्हतं? म्हणून आजचा भाग.

हिशेब आधी करून टाकू

त्या चार अंड्यांच्या कृतीला साधारण दोन आठ इंची पसरट डबे लागतात. आंटींकडे तसे दोन डबे होते. मिश्रण अर्धं-अर्धं घालायचं आणि भाजून झालं की दोन चकत्यांमध्ये जॅम लावून एकावर एक ठेवायच्या. त्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. आपण कुणाला वरणाची कृती सांगताना "पातेलं घ्या" असं सांगतो का?

गोल डब्यांची तुलना करायला पाय लागत नाही. व्यासाचा वर्ग पुरतो. आठचा वर्ग ६४, दोन डब्यांचे १२८. सातचा वर्ग ४९. १२८ ला ४९ नं भागलं की आले २.६. म्हणजे आईच्या डब्यात मिश्रणाची जाडी आंटींच्या डब्यातल्या जाडीच्या अडीचपटीहून जास्त होती. वेळ मात्र तीच, पंचवीस मिनिटं.

आता उष्णतेचा नियम पाहू. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये उष्णता पदार्थातून कशी पसरते याचं गणित ग्रंथरूपानं मांडलं. त्यातून निघणारी एक गोष्ट स्वयंपाकघरात कामाची आहे. उष्णता वरून आणि खालून शिरत असेल तर जाडी दुप्पट झाल्यावर मध्यापर्यंत पोहोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. केकच्या डब्यात बाजूनंही उष्णता येते, मिश्रण फुगतं, म्हणून प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही. तरी आईच्या डब्याला, आच थोडी कमी ठेवून, तासभर तरी लागला असता.

हा सगळा हिशेब. आता मूळ प्रश्न: कृतीत डबा लिहिलेला का नव्हता?

डब्याआधीचा केक

युरोपात जुन्या काळी मोठा केक म्हणजे गोड पावच होता. यीस्टनं फुगवलेलं घट्ट पीठ, त्यात मनुका, बेदाणे, मसाले. असं पीठ स्वतःच्या अंगानं उभं राहतं. त्याला आधार द्यायचा तर एक कडं पुरे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लाकडाची किंवा पत्र्याची बिनबुडाची कडी वापरत. खाली लोणी लावलेला कागद, वर कडं, आत पीठ.

भट्टी विटांची. आत लाकडं जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि त्या साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. अशी भट्टी क्षणाक्षणाला निवत जाते. आधी पाव, मग केक, शेवटी हलक्या आचेचं काय असेल ते. आपल्याकडच्या लाकडाच्या भट्ट्यांतही हाच क्रम असतो. पावाची घाई संपली की नानकटाईचे ट्रे आत जातात. निवत्या भट्टीत "अमुक मिनिटं" या शब्दाला फारसा अर्थ नसतो. भट्टीवाला हात आत घालून किती वेळ सोसतो ते मोजायचा, नाहीतर चिमूटभर पीठ टाकून किती झटकन तांबूस होतं ते पाहायचा. घड्याळ त्याच्या कातडीत होतं.

१७४७ मध्ये हॅना ग्लास या इंग्रज बाईंचं स्वयंपाकाचं पुस्तक आलं. त्यातल्या पाउंड केकमध्ये एक पाउंड लोणी, एक पाउंड साखर, एक पाउंड मैदा आणि डझनभर अंडी आहेत, त्यातली निम्मी पांढऱ्या बलकाशिवाय. मिश्रण तासभर फेटायचं, भांड्याला लोणी लावायचं आणि तेज भट्टीत तासभर भाजायचं. भांडं केवढं, ते नाही. भट्टी किती तेज, ते नाही. वाचणाऱ्या बाईला ते माहीत असणार असं धरून चाललेलं आहे.

१८४५ मध्ये एलायझा ॲक्टन यांनी कृतीसोबत साहित्याची यादी आणि लागणारा वेळ वेगळा काढून द्यायला सुरुवात केली. आज आपल्याला ती पद्धत इतकी सवयीची आहे की कुणीतरी ती सुरू केली असेल असं वाटतही नाही.

दरम्यान आणखी एक बदल झाला. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. बेकिंग पावडरनं केक हलका केला, पण मिश्रण सैल झालं. सैल मिश्रण कड्यात उभं राहत नाही. त्याला बूड हवं, उभ्या भिंती हव्यात. आणि पावडरचा जोर थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात केकचं अंग धरलं नाही तर फुगलेला केक खाली बसतो. म्हणजे डबा आणि वेळ, दोन्ही एकदम महत्त्वाचे झाले ते इथून.

यॉर्कशरचा ट्रे आणि जबलपूरचा डबा

आता आईच्या कृतीकडे परत या. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांचं गृहव्यवस्थापनाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या नावानं एक सँडविच आहे: चार अंडी, अंड्यांच्या वजनाइतकं लोणी, साखर, मैदा. वीस मिनिटं. ओळख पटली? हीच आईच्या वहीतली कृती. शंभराहून अधिक वर्षं तोंडातोंडी आणि पानापानावर फिरत ती जबलपूरच्या कुंपणापर्यंत आली होती.

पण बीटनबाईंनी एक गोष्ट लिहिली होती, जी वाटेत गळली. मिश्रण यॉर्कशर पुडिंगच्या ट्रेमध्ये ओता, असं त्या सांगतात. हा ट्रे पसरट आणि उथळ असतो. इंग्लंडमध्ये तो घरोघरी होता, म्हणून इंच लिहायची गरजच नव्हती. ट्रेचं नाव हेच माप. त्या उथळ ट्रेमुळेच वीस मिनिटं पुरत होती.

कृती जहाजानं आली, ट्रे आला नाही. साहित्य सांगता येतं, वेळ सांगता येते, भांडं मात्र मागे राहतं. आपल्या वह्यांत तर भांडं लिहायची पद्धतच नव्हती, आणि त्यालाही कारण आहे. आपला बहुतेक स्वयंपाक डोळ्यांसमोर शिजतो. शिरा कोरडा वाटला तर दूध शिंपडतो, भाजी लागायला लागली तर पाण्याचा हबका मारतो. भांडं लहान-मोठं झालं तरी हात सांभाळून घेतो. केक मात्र झाकणाआड भाजतो. तिथे हाताला वाव नाही, म्हणून आकडा लागतो. आईच्या हातात काही कमी नव्हतं. तो हात जिथे चालत नाही अशा ठिकाणी तिला आकड्याशिवाय पाठवलं होतं.

आधी लोहार, मग केक

भांड्याचं हे महत्त्व ज्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं, असा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला. केरळमधल्या तलश्शेरीचे मंबळ्ळी बापू. ब्रह्मदेशात बिस्किटं करायला शिकून आलेले. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन नावाच्या मळेवाल्यानं इंग्लंडहून आणलेला प्लम केक त्यांना चाखायला दिला आणि तसाच करून मागितला. त्यांच्या घराण्यात सांगितली जाणारी हकिकत अशी, की बापू धर्मडमच्या लोहाराकडे गेले आणि साचा घडवून घेतला. परदेशी ब्रँडीऐवजी त्यांनी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची स्थानिक दारू वापरली. तो केक भारतातला पहिला नाताळ केक म्हणून ओळखला जातो. दारू बदलली तरी चाललं, साचा मात्र करवूनच घेतला.

गोव्यानं याच प्रश्नाला वेगळंच उत्तर काढलं. बेबिंका आठवा. नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा. हे सगळं एकदम भांड्यात ओतलं असतं तर आत कच्चं आणि बाहेर करपलेलं झालं असतं. म्हणून पातळ थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो तांबूस झाला की तूप लावून पुढचा थर. सात थर, कुठे सोळा थर. जाडीशी झगडण्याऐवजी जाडीचे तुकडेच केले. फूरिएचं गणित कुणी वाचलं नव्हतं, पण गोव्याच्या स्वयंपाकघरात ते सुटलेलं होतं. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतला कागदी वाटीतला मावा केकही त्याच जातीचा. मावा जड, पण केक मुठीएवढा, म्हणून मध्यापर्यंत आच लवकर पोहोचते.

आणि मधे भोक असलेलं ते भांडं? अमेरिकेत मिनियापोलिसच्या डेव्हिड डॅलक्विस्ट यांनी १९५० मध्ये काही ज्यू महिलांच्या सांगण्यावरून जुन्या युरोपीय मातीच्या साच्यासारखं ॲल्युमिनियमचं भांडं ओतलं. त्याचं नाव बंट. सुरुवातीला ते फार खपलं नाही. १९६६ मध्ये एका मोठ्या पाककृती स्पर्धेत या भांड्यातल्या चॉकलेट केकला दुसरा क्रमांक मिळाला आणि मग दुकानांत ते पुरेना. ते भोक शोभेचं नाही. केकचा जो भाग सगळ्यात उशिरा भाजतो, तोच काढून टाकला आहे. आपल्याकडच्या गोल ओव्हनसोबत अनेक घरांत असंच भोकाचं भांडं असायचं. आमच्याकडेही होतं. आई त्यात पापडाचे तुकडे ठेवायची.

१८० हा आकडा कुठून आला?

आज प्रत्येक कृतीत "१८० अंश" असतं. पूर्वी "मंद", "मध्यम", "तेज" एवढंच असायचं. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये रेग्युलो नावाचा नियंत्रक लावलेले गॅसचे ओव्हन आले. खटका फिरवून आकडा लावायचा, ओव्हन स्वतः आच सांभाळणार. तिथून मंद-मध्यमची जागा आकड्यांनी घेतली. अमेरिकेत मध्यम आच ३५० फॅरनहाइट ठरली. सेल्सिअसमध्ये ती होते साधारण १७७, गोळाबेरीज १८०. आमच्या गोल ओव्हनला खटका नव्हता. प्लग लावला की चालू, काढला की बंद.

आपल्या देशानं १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं स्वीकारली. पाउंड-शेर गेले, किलो आला. केकच्या डब्यांनी मात्र ऐकलं नाही. आजही दुकानात "सहा इंची, अर्धा किलो" असंच सांगतात: तोंडात इंच, तराजूत किलो आणि पाटीवर कधी कधी "एक पाउंड". मापांचे तीन काळ एकाच डब्यात बसलेले आहेत.

चौकोन, वर्तुळ आणि बौधायन

एक प्रश्न नेहमी येतो. कृतीत चौकोनी डबा आहे, माझ्याकडे गोल. काय करू?

हा प्रश्न अग्नीशी जोडून आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे, केकसाठी नव्हे. श्रौत यज्ञात तीन अग्नी असतात. परंपरेनुसार गार्हपत्याचं कुंड गोल, आहवनीयाचं चौकोनी, दक्षिणाग्नीचं अर्धवर्तुळाकार. आकार वेगळे, क्षेत्रफळ मात्र समान हवं. म्हणून चौरसाएवढं वर्तुळ कसं काढायचं याची रीत शुल्बसूत्रांत आहे. बौधायनाची रीत अशी: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर घ्या. त्यातून बाजूची निम्मी लांबी वजा करा. उरलेल्याचा तिसरा भाग निम्म्या बाजूत मिळवा. ती झाली वर्तुळाची त्रिज्या.

आठ इंची चौकोनी डब्याला लावून पाहू. निम्मी बाजू ४. मध्यापासून कोपरा ५.६६. फरक १.६६, त्याचा तिसरा भाग ०.५५. त्रिज्या ४.५५, व्यास ९.१ इंच. आजचं काटेकोर उत्तर ९.०३. बेकिंगच्या पुस्तकांत काय लिहितात? आठ इंची चौकोनी डबा म्हणजे नऊ इंची गोल डबा.

यावरून "केकसुद्धा आपलाच" असं म्हणू नका, मी तसं म्हणत नाही. वर्तुळाचं क्षेत्रफळ अनेक संस्कृतींनी आपापल्या गरजेपोटी काढलं. पण चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवानं कोरवलेला शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त परिघाला व्यासानं गुणून चारानं भागायची रीत आहे, आणि आपल्या आयांनी शाळेत क्षेत्रफळ शिकूनही ते डब्याला लावायचं त्यांना कुणी सांगितलं नाही, याची मला खंत वाटते.

आता प्रश्नांची उत्तरं

बडोद्याच्या ताई, तुमची आठ इंची कृती सहा इंची डब्यात करायची तर ३६ ला ६४ नं भागा. साधारण ०.५६. साहित्य निम्म्याहून किंचित जास्त घ्या. वेळ मात्र निम्मी करू नका. साहित्य त्या प्रमाणात घेतलं की जाडी तीच राहते, आणि वेळ जाडीवर ठरते. पाच-सात मिनिटं आधी बघायला लागा, एवढंच.

बेळगावचे काका, तुम्ही साहित्य तेवढंच ठेवून लहान डबा घेतलात. जाडी वाढली. अशा वेळी आच १० ते २० अंशांनी उतरवा आणि वेळ वाढवा. वरून लवकर रंग आला तर कागद झाका. डबा काळा असेल तर तो उष्णता जास्त ओढतो, तिथेही आच थोडी कमी. कुठल्याही डब्यात अर्ध्यापासून दोन तृतीयांशापेक्षा जास्त मिश्रण भरू नका. साचा वेडावाकडा असेल, फुलाचा, हृदयाचा, तर हिशेब सोडा. दोन्ही भांड्यांत पाणी भरून वाटीनं मोजा. आणि शेवटी घड्याळावर नाही, मधोमध खुपसलेल्या काडीवर विश्वास ठेवा. ती कोरडी निघाली की झालं.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत आईला वहीत मांडून दाखवलं. ६४, १२८, ४९. ती आता थकली आहे, पण हिशेबाला पक्की. तिनं २.६ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा दोन ताटल्यांत ओतलं असतं तर?"

म्हटलं, "झाला असता."

थोड्या वेळानं तिनं ते भोकाचं भांडं मागितलं. पापडाचे तुकडे काढून ते घासून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार अंडी आणली. वहीतली "माझ्या हाताला नाही" ही ओळ तिनं खोडली नाही, मीही खोडली नाही. तिच्याखाली तिनं नव्या शाईनं एवढंच लिहिलं: "भोकाचं भांडं. चाळीस मिनिटं. काडी घालून पाहणे."

तुमच्याही घरात अशी वही असेल. ती वाचताना कृतीत काय लिहिलंय ते बघाच, पण भांडं कुठलं असेल तेही शोधा. आई, आजी, शेजारच्या काकू हयात असतील तर आजच विचारा, आणि कृतीच्या डोक्यावर डब्याचं माप लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.